आहे तशी पाठव

३ मार्च

बारक्या,

आशीर्वाद राखून ठेवले आहेत. तुझं उत्तर पटलं तर पुढच्या पत्रात पाठवीन.

कार्ड मिळालं. सहा वर्षांनी आलं, म्हणून आधी अक्षर तुझंच आहे का ते पाहिलं. दुकानातली जुनी वही काढून शेजारी ठेवली आणि ताडून बघितलं. 'ळ' अजून तसाच आहे, पोट फुगलेला. म्हणजे तूच. मग कार्ड चारदा वाचलं. चारदा वाचण्यासारखं त्यात काही नाही, तीन ओळी आहेत: "ताई, माळा रिकामा करते आहेस असं कळलं. माझी सायकल आहे तशी ट्रान्सपोर्टने पाठव. गिअर काढून सिंगल करायची आहे, ते मी इथे करीन, तू हात लावू नकोस."

बाबा कसे आहेत, हे नाही. तू कशी आहेस, हे तर नाहीच.

माळ्याचं तुला कोणी सांगितलं ते विचारत नाही. आपला मावसभाऊ दोन्ही घरी चहा पितो, हे मला ठाऊक आहे. छप्पर बदलायचं आहे, महिनाअखेर माळा मोकळा हवा. मी त्याला इतकंच म्हटलं होतं की वरच्या सगळ्या सायकली खाली घेणार, एकेक सुटी करणार, उपयोगाचं डब्यांत आणि बाकीचं भंगारात. आठ दिवसांत तुझं कार्ड हजर! सहा वर्षं तुला त्या सायकलीची आठवण आली नाही. मी तिला पाना लावणार म्हटल्यावर बरी आली.

आणि सिंगल? तू? गिऱ्हाईकाला गिअर समजावून सांगायला बसलास की ते बिचारं ट्यूब न घेताच निघून जायचं. एकवीस गिअरची सायकल जुळवली तेव्हा आठवडाभर जमिनीवर पाय नव्हते तुझे. त्या माणसाला आता एकच गिअर हवा आहे. कुठेतरी पाणी मुरतंय, बारक्या.

तुझं लग्न झाल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. तेव्हा हे पत्र तुझी बायकोही वाचत असेल असं धरून लिहिते, तिलाही कळू दे कोणाशी संसार करते आहे. आपल्या दुकानाची रीत अशी होती: ज्याने स्क्रू फिरवला त्याने त्यावर आपल्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. बाबांचा लाल, माझा पांढरा, तुझा निळा. तोच स्क्रू दुसऱ्याने फिरवला तर त्याने आधीचा ठिपका खरवडून आपला द्यायचा. तक्रार आली की कोणाचा हात होता ते लगेच कळायचं. भांडणं होऊ नयेत म्हणून बाबांनी काढलेली युक्ती, आणि घर मोडलं ते नेमकं त्यावरून.

ती सायकल तू जुळवलीस, गिअर तू लावलेस. स्क्रूंवर निळे ठिपके देताना जीभ बाहेर काढून बसला होतास, ते मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ती घेऊन पाण्याच्या टाकीच्या चढावर गेले. त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चेन मोठ्या चक्रावर थांबायचं सोडून पलीकडे स्पोकमध्ये घुसली. चाक जागच्या जागी जाम झालं. बाबा रस्त्याच्या कडेच्या दगडावर पडले आणि मांडीचं हाड मोडलं. चेन तिकडे जाऊ नये म्हणून मागच्या गिअरला एक अडवणारा स्क्रू असतो. तो सैल राहिला होता, दुसरं कारण असूच शकत नव्हतं. दवाखान्यात सगळ्यांच्या समोर मी विचारलं, "निळा ठिपका कोणाचा?" तू भिंतीला टेकून उभा होतास. बाबांनी खाटेवरून विचारलं, "खरं का रे?" तेव्हाही तू तोंड उघडलं नाहीस. निर्दोष माणूस असा गप्प बसत नाही.

बाबांनी दुकानात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं, तू गेलास. त्यांचा उजवा पाय आता दीड इंच तोकडा आहे. एका बुटाला जाड तळवा लावून घेतला आहे. त्यांना वाकता येत नाही, म्हणून रोज सकाळी तो बूट मी बांधते. तुझं नाव ते घेत नाहीत, 'तो' असंही म्हणत नाहीत.

म्हणून सरळ विचारते. त्या सायकलीत असं काय आहे, ज्याला मी हात लावायचा नाही?

ताई


१२ मार्च

बारक्या,

आशीर्वाद अजून माझ्याकडेच आहेत.

तुझं दुसरं कार्ड आलं. "इथे रस्ते सपाट आहेत, गिअरची गरज पडत नाही. बाबांसमोर ती सायकल नको, म्हणून तिथे उघडू नकोस." मला वाटलं, बरं, पटण्यासारखं आहे. म्हणूनच संशय आला. तू लहानपणापासून खरं बोलताना अडखळतोस आणि खोटं सरळ बोलतोस.

मावसभावाला बोलावलं. चहाबरोबर बिस्किटंही ठेवली, म्हणजे तो जास्त वेळ बसेल. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "बारक्याचं घर कसं काय आहे रे?" तो म्हणाला, "घर झकास आहे, फक्त चढ जीव काढतो. सिलिंडरवाला खालीच गाडी लावून हाका मारतो." मी म्हटलं, "सपाट आहे म्हणे सगळं." तर तो हसायला लागला. म्हणाला, "ताई, तिथे बशीत चहा ओतला तर एका बाजूनं सांडेल."

तर हे तुझे सपाट रस्ते. चढावर राहणारा माणूस गिअर काढून टाकतो म्हणे. गुडघे काय उसने आणले आहेत का?

मग मी शांतपणे विचार केला. विचार करायला मला वेळ असतो, सकाळी दहाच्या आत पंक्चरखेरीज कोणी येत नाही. तुला सायकल नको आहे. तुला त्यावरचा मागचा गिअर हवा आहे, आणि त्या गिअरवरचा तो एक स्क्रू. त्यावर निळा ठिपका आहे आणि तो तुझ्याविरुद्ध बोलणारा एकच साक्षीदार आहे. मी सायकल सुटी करणार म्हटल्यावर तुझं धाबं दणाणलं. 'सिंगल करायची आहे' हा बहाणा चांगला शोधलास, कारण सिंगल करताना पहिल्यांदा तोच गिअर निघतो आणि नंतर तो कुठे गेला हे कोणी विचारत नाही.

तर ऐक. तुला सिंगलच हवी आहे ना? मी करून देते. इथे, दुकानात, बाबांच्या डोळ्यांदेखत. तयार सायकल ट्रान्सपोर्टने येईल, काढलेला गिअर माझ्याकडे राहील. बाबा सत्तरीचे झाले. त्यांना कधीतरी वाटतं की आपण मुलाला उगाच घालवलं. ते बोलत नाहीत, पण जेवताना मध्येच थांबतात आणि दाराकडे बघतात. तो स्क्रू एकदा त्यांच्या हातावर ठेवला की त्यांच्या मनाला शांतता मिळेल.

तुझं कार्ड येईपर्यंत थांबणार नाही.

ताई


१७ मार्च

बारक्या,

काल सायकल खाली आणली. समोरचा शिंपी आणि त्याचा मेहुणा, दोघांनी धरली. मी शिडी धरून उभी होते. मी वर चढले नाही, माझे गुडघे धरतात हल्ली. शिंप्याने विचारलं, "सहा वर्षं वर गेलाच नाहीत का?" मी म्हटलं, शिडी मोडकी आहे. शिडी मोडकी नाही. हे तुला का लिहिते आहे कोण जाणे.

गोणपाट सोडलं. तू बांधलं होतंस ना ते? गाठी तुझ्याच, ओल्या सुतळीच्या, कापल्याशिवाय सुटत नाहीत. आतून सायकल बरी निघाली. टायरचं रबर वाळलं आहे, हँडलच्या मुठी चिकट झाल्या आहेत, चार स्पोक वाकले आहेत. पण मागचा गिअर! त्याला तू काळी टेप गुंडाळली आहेस. एक थर नाही, दोन नाही, अख्खं रीळ संपवलं असशील. बाकी सायकल गोणपाटात आणि तेवढा एक गिअर असा जपून गुंडाळलेला. चोरानेही माल इतका काळजीने बांधला नसता. मी शिंप्याला दाखवलं. तो म्हणाला, "कोणी बघू नये म्हणून बांधलंय." त्याला काही माहीत नाही, तरी त्याच्या लक्षात आलं.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. एकदाच म्हणाले, "काढायचं ते काढ आणि टाक." मी म्हटलं, "तुम्हाला बघायचं नाही?" ते म्हणाले, "काय बघायचं?" आणि पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं नाही.

आज पुढचं काम केलं. हँडलवरचे दोन्ही गिअरचे खटके काढले, केबली ओढून काढल्या, पुढचा गिअर उतरवला. पॅडलच्या क्रँकवरची तीन चक्रं होती, त्यातलं मधलं बत्तीस दाती ठेवलं आणि बाहेरचं व आतलं काढलं. बोल्ट लांब पडले, आखूड बोल्ट डब्यात सापडले. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी चष्मा पुसून बघितला. सगळीकडे निळे ठिपके, अगदी टपोरे. रंग अजून टिकला आहे, कंपनी चांगली होती. ब्रेकवर मात्र माझा पांढरा आहे. आठवलं, बाबा पडायच्या आदल्या संध्याकाळी तू बाहेर गेला होतास तेव्हा मी ब्रेक जरा आवळले होते. तू लावलेलं काही मी एकदा हात फिरवल्याशिवाय सोडत नसे, ते तुला आवडायचं नाही. पण दुकान चालवायचं तर कोणीतरी संशयी असावं लागतं.

टेप मी अजून काढली नाही. ती उद्या काढणार. बाबांना म्हटलं आहे, दुपारी झोपू नका.

ताई


२० मार्च

बारक्या,

अनेक आशीर्वाद. सायकल झाली.

काम चांगलं झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मागच्या चाकावरची सगळी चक्रं काढली आणि एकच ठेवलं. मोकळ्या जागेत भरायला जुन्या पाइपाच्या रिंगा कापल्या, कानशीने घासल्या. अडचण आली ती चेनची. साध्या सायकलीला मागच्या चाकाची खाच आडवी असते, चाक मागे ओढलं की चेन ताणते. हिची खाच उभी. चाक हलत नाही, चेन ढिली राहते. ताणायला फिरकी लावावी, तर ती जिथे लटकवायची तो कान पडल्यामुळे वाकलेला. मी सरळ करायला गेले तर बाबा खुर्चीतून म्हणाले, "तुटेल. दाते बदलून बघ." सोळा दाती घातलं, ढिली. सतरा घातलं, तरी ढिली. अठरा घातलं आणि चेन अशी बसली की बोटाने दाबली तर जेमतेम अर्धा इंच खाली जाते. बाबा म्हणाले, "आता दोरा धर." पुढच्या चक्रापासून मागच्यापर्यंत दोरा ताणला. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "अर्धा सूत आत घे." घेतलं. मग त्यांनी हात पुढे करून पाना मागितला. सहा वर्षांत पहिल्यांदा, बारक्या. मागच्या चाकाचे दोन्ही नट त्यांनी स्वतः आवळले, आणि चाक फिरवून कितीतरी वेळ ऐकत बसले. आवाज येत नव्हता, तोच ऐकत होते.

टेपचं विशेष काही नाही. ती मी सकाळीच काढली, बाबा आंघोळीला गेले होते तेव्हा. आत काही सापडलं नाही. गंज चढला आहे, स्क्रूचं काही कळत नाही. बाबांनी विचारलं, "कोणाचा ठिपका?" मी म्हटलं, "गंजलंय सगळं." ते बरं म्हणाले. गिअर मी भंगारात टाकला. तू म्हणत होतास तेच खरं, उगाच उघडून बघत बसण्यात अर्थ नव्हता.

पुढच्या आठवड्यात सायकल पाठवते. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. तुझ्या बायकोला नमस्कार सांग. आधीच्या पत्रांत तिच्याविषयी काही कमी-जास्त लिहिलं असेल तर मनावर घेऊ नका म्हणावं.

तुझी ताई


३१ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड काल आलं. "सापडलं ना, ताई. म्हणून म्हटलं होतं हात लावू नकोस. आता बाबांना सांगू नकोस. या वयात त्यांना कशाला. मला सवय झाली आहे."

कसं ओळखलंस? मी सगळं नीट लिहिलं होतं. पुन्हा वाचायला ते पत्र माझ्याकडे नाही, पण बहुतेक आशीर्वादांवरून ओळखलंस.

हो. सापडलं.

टेप काढली. गंज बिंज काही नव्हता, तू इतकं जपून गुंडाळलं होतंस की आतला गिअर काल लावल्यासारखा होता. त्या स्क्रूवर निळा रंग खरवडलेला दिसला, कडेला थोडासा उरला होता. आणि त्यावर पांढरा ठिपका.

मी चष्मा पुसला. मग माझी नेलपॉलिशची बाटली आणून शेजारी धरली. मला आधी काय वाटलं ते सांगू? वाटलं, हा तुझा डाव आहे. तूच माळ्यावर बसून माझा रंग त्यावर लावलास आणि टेप गुंडाळलीस. मी त्या विचाराला अर्धा तास धरून बसले होते. बरं वाटत होतं. पण मग तू त्या सायकलीला हात लावू नको असं मला कशाला सांगितलं असतंस? मला दाखवायचंच असतं तर सहा वर्षं गप्प कशाला बसला असतास?

आणि खरवडलेलं माझंच होतं. मी डावीकडून उजवीकडे खरवडते, पेचकसाच्या टोकाने, तू नखाने करतोस. ती माझी खूण मी ओळखते.

मला काही आठवत नव्हतं, असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. शनिवारी संध्याकाळी तू बाहेर गेलास. तू लावलेले गिअर मला बघवत नव्हते, कारण चांगले लागले होते. मी सायकल स्टँडवर चढवली. पॅडल हाताने फिरवत एकेक गिअर टाकला. सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन चढायला किंचित वेळ लागत होता, एवढंच. मी म्हटलं, आला ना सापडलेला दोष. तो स्क्रू अर्धा फेरा सैल केला. चेन झटकन चढली. मी ठिपका दिला आणि ब्रेक आवळायला घेतले. चढावर माणूस बसल्यावर जोर वेगळा पडतो, अर्धा फेरा फार होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या वेळी मी ते डोक्यात आणलं नाही. तुझी चूक काढल्याचा आनंद झाला होता.

दवाखान्यात उभी होते तेव्हा ब्रेकचं मला आठवत होतं. स्क्रूचं आठवत होतं का? मनाच्या तळाशी काहीतरी हलत होतं, आणि ते वर येऊ नये म्हणून मी मोठ्याने बोलले. तुझं नाव घेतलं आणि ते खाली बसलं. मग माळ्यावर कधी चढले नाही. शिडी मोडकी म्हणत राहिले. तुझी सायकल कोणी विकत मागितली तरी हात लावू दिला नाही. लोकांना वाटायचं, भावावर अजून माया आहे.

टाकीच्या चढावरून सायकल तूच दुकानात आणलीस. तेव्हाच पाहिलं असशील. म्हणजे दवाखान्यात मी विचारलं, "निळा ठिपका कोणाचा," तेव्हा तुला माहीत होतं की तिथे निळा ठिपकाच नाही. आणि तू भिंतीला टेकून गप्प राहिलास. का रे? बाबांना उठवायला, बसवायला, बूट बांधायला मीच राहणार होते म्हणून? की मला सगळ्यांसमोर खोटं पाडणं तुझ्याच्याने झालं नाही? मी रात्रंदिवस लोकांच्या मनात काय आहे ते शोधत असते आणि घरातल्या एकाच माणसाचं मला कळलं नाही.

गिअर भंगारात टाकलेला नाही. कपाटात माझ्या साड्यांखाली आहे. बाबांना सांगू नको म्हणतोस. तेच मलाही हवं आहे, म्हणूनच तुझं ऐकायचं की नाही ते कळत नाही.

ताई


५ एप्रिल

बारक्या,

सांगितलं.

परवा दुपारी. दुकानात कोणी नव्हतं. तुझी सायकल पॅक करायची म्हणून पुठ्ठे आणले होते. बाबा म्हणाले, "पाठवते आहेस ना? गोणपाट नको, चांगला पुठ्ठा लाव." मग जरा वेळाने म्हणाले, "चाक छान फिरतंय. त्याला आवडेल." त्याला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'तो' म्हटलं, आणि तेही माफ केल्याच्या आवाजात. जे तू केलंच नाहीस त्याबद्दल ते तुला माफ करायला निघाले होते. मला ते ऐकवेना. मी कपाटातून गिअर आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला नाही. अंगठा स्क्रूवरून फिरवला. म्हणाले, "पांढरा." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "केव्हा कळलं?" मी म्हटलं, "पंधरा दिवस झाले." "मग गंज कशाला म्हणालीस?" मी पुठ्ठ्याची कड दुमडत राहिले. ते म्हणाले, "आणि त्याला?" मी म्हटलं, "त्याला पहिल्या दिवसापासून."

एक बाई ट्यूब घ्यायला आली, तिला ट्यूब दिली, ती गेली, तरी बाबांचा अंगठा स्क्रूवरच होता. मग म्हणाले, "पायाचं राहू दे. अर्धा फेरा माझ्याही हातून चुकला असता. पाय स्क्रूने गेला. मुलगा तुझ्या तोंडाने गेला."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "बाबा, मला माहीत नव्हतं." ते म्हणाले, "माहीत करून घ्यायचं नव्हतं. साऱ्या गावाचे स्क्रू तपासतेस, एक माळा चढली नाहीस." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मीही चढायला लावलं नाही. मला राग हवा होता." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. काल आणि आज त्यांनी बूट स्वतःच बांधला. भिंतीला पाठ लावून, पाय स्टुलावर घेऊन, पंधरा मिनिटं लागतात. मी पुढे झाले तर हाताने थांबवतात. मी शेजारच्या खोलीत उभी राहून लेस ओढल्याचा आवाज ऐकते.

बारक्या, मला माफ कर असं लिहिणार होते. तीन कागद फाडले. सहा वर्षं तुला चोरासारखं राहायला लावलं. तुझ्या लग्नात आपल्या घरचं कोणी नव्हतं. एका कागदावर माफी मागून मी ते मिटवून टाकावं, हे तू मान्य केलंस तरी मला पटणार नाही. तू इथे ये. समोर उभा राहा आणि जे त्या दिवशी बोलला नाहीस ते बोल. दवाखान्यात जे जे हजर होते त्यांना मी बोलावणार आहे. मावसभाऊ, आत्या, सगळे. त्यांच्या समोर माझ्या तोंडानेच सांगणार आहे. तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे, पण याबाबत मी तुला विचारत नाही आहे.

सायकल पाठवलेली नाही. बायकोला घेऊन ये. ती मला काय म्हणेल याची मला भीती वाटते. माझ्याविषयी तिने काय ऐकलं असेल याचा मी विचार करत होते, आणि मग लक्षात आलं, तू काहीच सांगितलं नसशील.

तू सिंगल कशासाठी मागितलीस तेही आता विचारत नाही. गिअर माझ्या हाती लागू नये म्हणून, हे कळलं. पण मावसभाऊ काल म्हणाला की तू या सहा वर्षांत कुठल्याच सायकलवर बसला नाहीस, कामावर चढ चालत जातोस आणि चालत येतोस. हे मी खरं धरून चालते आहे. पडताळून बघणार नाही.

पत्र इथेच संपवत होते, पण बाबांनी हात पुढे केला आहे. पेन मागत आहेत. बोलत नाहीत, नुसती बोटं हलवतात. कागद त्यांच्याकडे देते. डाव्या हाताने झाकून लिहितील असं दिसतंय. मी वाचणार नाही. पाकीटही त्यांनीच चिकटवू देत.

ताई


बाळा,

तुझ्याशी सहा वर्षं बोललो नाही. ते मला जमलं, कारण तू समोर नव्हतास.

आता हिच्याशी अबोला धरला आहे. आज दुसरा दिवस. ही समोर आहे, भात वाढते, दाराआड उभी राहून रडते आणि मला कळत नाही असं समजते. हा अबोला इतक्यात सोडायचा नाही असं मी ठरवलं आहे, पण माझ्याने होत नाही.

लवकर ये.

बाबा